जामीन आणि एक आमेन

जामीन राहणं म्हणजे नुसती एक सही, असं मुथुरी मास्तरांना सांगण्यात आलं होतं. सांगणारी त्यांची बायको कागेंडो होती, आणि तेहेतीस वर्षांच्या संसारात तिने 'नुसतं' म्हणून सांगितलेलं एकही काम एका दिवसात आटोपलेलं नव्हतं. तरीही मास्तर फसले. एक तर जामीन राहायचं होतं ते कागेंडोच्या बहिणीच्या मुलीसाठी, गाचेरीसाठी. आणि दुसरं म्हणजे मेरू गावच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांना 'प्रतिष्ठित नागरिक' म्हणून कोणी बोलवायची ही पहिलीच वेळ होती.

गाचेरी मोबाइलच्या दुकानात कामाला होती. लोकांची सिमकार्डं परस्पर बदलून त्यांच्या खात्यांवर डल्ला मारणाऱ्या एका टोळीने चाळीसेक माणसांना गंडवलं, आणि त्या सगळ्या अदलाबदली गाचेरीच्या पासवर्डने झालेल्या निघाल्या. तिचं म्हणणं, पासवर्ड दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेला असायचा, येणारा-जाणारा वापरायचा. पोलिसांचं म्हणणं, ते कोर्टात सांग. कोर्टात सांगायची पाळी येईपर्यंत एक्केचाळीस दिवस गेले आणि ते तिने बायकांच्या कोठडीत काढले. मग जामीन मंजूर झाला, पण जमिनीचा कागद असलेला जामीनदार हवा होता, आणि खानदानात कोणाच्याही वादात नसलेला कागद फक्त मास्तरांकडे होता.

आधी चीफचं, म्हणजे वस्तीच्या सरकारी मुखियाचं, पत्र आणायचं होतं, की हा मनुष्य खरोखर याच वस्तीत राहतो. चीफ लग्नाला गेले होते. उपचीफ जागेवर होते, पण शिक्का चीफच्या खिशातून लग्नाला गेला होता. तीन दिवसांनी दोघे परत आले. मग फोटो. फोटोवाल्याने मास्तरांना हसायला लावलं, आणि कोर्टातल्या कारकुनाने ते फोटो परत केले, कारण जामीनदाराने हसायचं नसतं. मग प्लॉटची मोजणी. त्यात शेजारच्या कोबियांचं अवाकाडोचं झाड साडेतीन फूट मास्तरांच्या हद्दीत असल्याचा शोध लागला. अठरा वर्षं मास्तर त्या झाडाचं फळ कोबियांकडून भेट म्हणून घेत होते आणि आभार मानत होते. आता कोबियांचा चेहरा असा झाला की आभार कोणी कोणाचे मानायचे तेच कळेना.

शेवटी सही झाली आणि गाचेरी घरी आली. आली त्या रात्रीपासून ती कुठल्याही खोलीचं दार लावून घेत नसे, झोपतानासुद्धा. येता-जाता ते उघडं दार दिसलं की मास्तर पाय न वाजवता पुढे सरकायचे. पुन्हा आत जावं लागलं तर ही पोर त्यातून उठायची नाही, हे घरात कोणी बोललं नाही, पण तिघांनाही ठाऊक होतं.

जामिनाच्या अटी एका पानावर होत्या. गाचेरीने जामीनदाराच्या घरी राहायचं. आपला फोन पिनसकट पोलिसांकडे जमा करायचा. इंटरनेटला जोडता येणारं कोणतंही उपकरण वापरायचं नाही. दर सोमवारी हजेरी द्यायची. कुठल्याही साक्षीदाराशी थेट किंवा आडून संपर्क करायचा नाही. आणि खाली एक ओळ होती की जामीनदाराने यावर लक्ष ठेवावं. कोर्टाने ती ओळ सहज लिहिली असावी. मास्तरांनी मात्र ती नेमणूकपत्रासारखी वाचली.

इंटरनेटला जोडता येणारं उपकरण म्हणजे नक्की काय, हा प्रश्न त्यांना पडला. मास्तरांना प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत घरात कोणाची धडगत नसे. मुलाने दोहाहून पाठवलेला टीव्ही इंटरनेटला जोडता येत होता. तो त्यांनी कागेंडोच्या कमरेला नेसायच्या लेसोत गुंडाळून दोरीने बांधून ठेवला. कागेंडोची संध्याकाळची मालिका ऐन लग्नात तुटली. मग त्यांची नजर विजेच्या मीटरवर गेली. त्याला आकड्यांची बटणं होती, आणि विजेचे पैसे भरले की त्यावर पावतीचे वीस आकडे दाबावे लागत. हे आकडे कुठून तरी येतात म्हणजे मीटर कुठे तरी जोडलेलाच असणार, असा त्यांनी तर्क केला आणि गाचेरीला मीटरपासून चार पावलं लांब राहायला सांगितलं. गाचेरी हसली नाही. ती म्हणाली, "बरं, काका," आणि लांब राहिली.

कोबियांनी सल्ला दिला. कोबिया आजवर चार वेळा कोर्टात गेले होते, दोनदा गायीपायी आणि दोनदा भाडेकरूपायी, त्यामुळे आख्ख्या किरिमा इस्टेटमध्ये कायद्यावरचा शेवटचा शब्द त्यांचाच असे. झाडाचं प्रकरण ताजं असूनही सल्ला द्यायचा मोह त्यांना आवरला नाही. आरोपी अंगाने भरलेला दिसला की कोर्टाला वाटतं हा गुन्ह्याच्या पैशावर मजा मारतोय, आणि मग जामीन जातो, असं ते म्हणाले. पोरीला तळलेल्या गोड मांदाझी देऊ नका. कागेंडोने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मांदाझी दुप्पट तळायला घेतल्या.

मास्तरांना मात्र मुळाशी जायचं होतं. जामीन नेमका कधी रद्द होतो? ते कोर्टाच्या रजिस्ट्रीत गेले. पहिल्या दिवशी कारकुनाने त्यांना खिडकीत उभं केलं. चौथ्या खेपेला त्यांना खुर्ची मिळाली, आणि सहाव्या खेपेला चहा. कारकून बिचारा भला होता. तो म्हणाला, "मास्तर, गुन्हा गंभीर आहे म्हणून जामीन रद्द होत नसतो. गंभीर तर पहिल्या दिवसापासून होता, तरी दिलाच ना? दिल्यानंतर काहीतरी नवीन घडावं लागतं. पळून गेली, साक्षीदाराला गाठलं, पुरावा पुसला, तसलाच उद्योग पुन्हा केला. आणि नुसता संशय पुरत नाही, दाखवावं लागतं. शिवाय तिचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कोर्ट काही करत नाही."

मास्तरांनी सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं की अट चुकून मोडली तर. कारकून म्हणाला, मुद्दाम मोडली का ते बघतात. मग त्यांनी विचारलं की अर्धवट मोडली तर. तेव्हा अकरा वाजले होते. कारकुनाने जेवणाची सुट्टी म्हणून खिडकी लावून घेतली.

असे पाच महिने गेले, आणि झकारिया आजोबा वारले.

झकारिया आजोबा एक्क्याण्णव वर्षांचे होते. साठ वर्षं त्यांनी चर्चच्या गाणाऱ्यांची टोळी सांभाळली होती, म्हणजे गावातल्या निम्म्या लोकांना कधी ना कधी बेसूर म्हणून हाकललं होतं, आणि तरीही माणूस सगळ्यांचा लाडका होता. अशा माणसाला माती द्यायची म्हणजे साधं काम नाही. समिती लागते, समितीला अध्यक्ष लागतो, आणि रोज संध्याकाळी जमून मंडप, बस, खुर्च्या आणि कोण किती वेळ बोलणार यावर वाद घालावा लागतो. अध्यक्ष म्हणून एकमताने मुथुरी मास्तरांचं नाव आलं. प्रतिष्ठित नागरिक ही ख्याती आता कोर्टातून बाहेर पसरली होती.

अध्यक्षाचं पहिलं काम व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढणं. आमच्याकडे मयताच्या ग्रुपमध्ये यायचं का, असं कोणाला विचारत नाहीत. तसं विचारणं म्हणजे मयताचा अपमान. मास्तरांनी फोनमधली चर्चची, इस्टेटची आणि नात्यातली सगळी नावं निवडली, दोनशे चौदा भरली, आणि बटण दाबलं. त्या दोनशे चौदांत गाचेरीचा नंबर होता. त्या नंबरचा फोन पाच महिने पोलिसांच्या कपाटात पडून असल्यामुळे तो नंबर आहे हेच मास्तर विसरले होते. आणि त्याच दोनशे चौदांत जेरुशा म्बाया होत्या.

जेरुशाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. झकारिया आजोबांच्या चुलत घरातल्या. आणि गाचेरीच्या खटल्यातल्या पहिल्या फिर्यादी, कारण त्या सिमकार्डवाल्या टोळीने पहिला हात त्यांच्याच आयुष्यभराच्या शिलकीवर मारला होता.

गुरुवारी सकाळी पास्टरांनी ग्रुपवर लांबलचक प्रार्थना टाकली. त्यावर आमेन सुरू झाले. हे आमेन म्हणजे आमच्याकडची हजेरीच असते. कोणी म्हटलं नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी कोणीतरी विचारायला जातं की बाबा, काय बिनसलंय. दहा वाजून चौदा मिनिटांनी एकसष्टावा आमेन आला. तो गाचेरीच्या नंबरवरून आला होता.

जेरुशाबाई सगळे आमेन वाचत होत्या. मुख्याध्यापिकेची सवय, हजेरी स्वतः तपासायची. त्यांनी त्या ओळीचा फोटो काढला आणि सरळ इन्स्पेक्टर ओडुओर यांच्याकडे गेल्या. खटल्याचा तपास ओडुओर यांच्याकडे होता. माणूस सरळ होता, आणि सरळ माणसं एकदा चुकीच्या रस्त्याला लागली की फार लांबवर जातात. फोन पोलिसांकडे आहे, तरी त्या नंबरवरून शब्द आला, म्हणजे आरोपीने तो नंबर कुठल्यातरी कॉम्प्युटरला जोडून ठेवलाय, असं त्यांनी ठरवलं. उपकरण वापरलं, साक्षीदाराशी संपर्क केला. दोन दिवसांत जामीन रद्द करण्याचा अर्ज दाखल झाला आणि नोटीस घरी आली.

मास्तरांनी नोटीस वाचली, ग्रुप उघडला, वर सरकवत सरकवत गेले, आणि तो आमेन त्यांना दिसला. आधी त्यांना दरदरून घाम फुटला. ग्रुपमध्ये तिला घातलं होतं त्यांनीच. पण माणसाच्या मनाला पळवाट लगेच सापडते. घातलं मी, हे खरं, पण आमेन काही मी म्हटलं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. पाच महिने आपण टीव्ही बांधला, मीटर राखला, आणि ही पोरगी आपल्या नाकाखाली कॉम्प्युटर चालवते. भीतीची जागा रागाने घेतली, आणि रागात मास्तरांना फार बरं वाटलं.

त्यांनी झडती घेतली. गादी उलटली, उगालीसाठीचं मक्याचं पीठ चाळलं, कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातला आणि चोच खाल्ली. पुस्तकांच्या मागे एक काळी वस्तू सापडली, ती त्यांनी गाचेरीसमोर धरली.

"हे काय आहे?"

"कॅल्क्युलेटर," गाचेरी म्हणाली. "तुमचाच आहे, काका. मी नाही केलं ते. खरंच मी नाही केलं."

"मग आमेन काय आभाळातून पडला?"

गाचेरीने कॅल्क्युलेटर परत जागेवर ठेवला. ती आपल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. कागेंडोने नवऱ्याच्या अंगावरचं पीठ झटकलं, पण ते प्रेमाने झटकलं असं म्हणता येणार नाही. "तुम्ही तिचे काका आहात की इन्स्पेक्टर, एकदा ठरवा," एवढंच ती म्हणाली आणि जेवण झाकून निघून गेली.

मास्तरांना घरात समजून घेणारं कोणी उरलं नाही, म्हणून ते कोबियांकडे गेले. कोबियांनी गंभीरपणे सांगितलं की शहाण्या जामीनदाराने वेळीच हात काढून घ्यावा. तसा अर्ज करता येतो. नाहीतर प्लॉट जातो, आणि प्लॉटबरोबर झाडसुद्धा. झाड हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज ओला झाला. मास्तरांना प्लॉटची भीती होतीच, पण खरं दुखणं वेगळं होतं. सगळ्या मेरूने बघितलेल्या जामीनदाराला घरातल्या पोरीने मूर्ख बनवलं, हे त्यांना सहन होईना. त्या रागात त्यांनी वळणदार अक्षरात दोन पानी अर्ज लिहिला, आणि सुनावणीच्या दिवशी कागेंडोला न सांगता, तासभर आधी जाऊन, रजिस्ट्रीतल्या त्या भल्या कारकुनाच्या हातात दिला. कारकुनाने अर्ज वाचला आणि नेहमीचा चहा विचारला नाही.

मॅजिस्ट्रेट बाई चष्मा कपाळावर ठेवून ऐकणाऱ्यांतल्या होत्या. इन्स्पेक्टर ओडुओर यांनी सगळं नीट सांगितलं. गुन्हा किती गंभीर, माणसं किती बुडाली, आणि आता हा आमेन. जेरुशाबाईंनी फोटो दाखवला. गाचेरीने उभं राहून सांगितलं की पाच महिन्यांत तिने कुठल्याही उपकरणाला हात लावलेला नाही. मास्तर खाली बघत होते.

"गुन्हा गंभीर आहे हे मला जामीन देतानाही माहीत होतं," मॅजिस्ट्रेट बाई म्हणाल्या. "त्यानंतर काय घडलं ते दाखवा. नंबर दुसऱ्या मशीनला जोडलाय म्हणता. तसा जोडला असेल तर त्याची नोंद मूळ फोनमध्ये असणार. तो फोन आणवा."

फोन कोर्टासमोरच्याच पोलीस इमारतीत होता. दहा मिनिटांत मुद्देमालाचे सार्जंट म्वांबुरी तो घेऊन आले. पिकलेल्या केसांचे, इस्त्रीच्या कपड्यांतले, वर्षभराने निवृत्त होणारे गृहस्थ. प्लास्टिकच्या पिशवीत फोन होता, पिशवीवर लेबल होतं, लेबलवर पिन लिहिलेला होता, आणि पिशवीतून चार्जरची वायर लोंबत होती.

वायर कशाला, असं बाईंनी विचारलं. प्रयोगशाळेचं पत्र आहे, फोन बंद पडू देऊ नका, म्हणून पाच महिने रोज चार्ज करतोय, असं सार्जंटनी अभिमानाने सांगितलं. इन्स्पेक्टरना हे नवीन होतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे फोन बंद होता. कोर्टाच्या तंत्रज्ञाने सगळ्यांसमोर फोन उघडून नोंद पाहिली. फोन दुसऱ्या कुठल्याही मशीनला जोडलेला नव्हता, कधीच नव्हता.

"म्हणजे जे लिहिलं गेलं ते याच फोनवरून," बाई म्हणाल्या. "आणि हा फोन त्या दिवशी कोणाच्या ताब्यात होता?"

रजिस्टर उघडायची गरज पडली नाही. सार्जंट म्वांबुरी ताठ उभे होते, पण कपाळावर घाम आला होता.

"माझ्या, मॅडम," ते म्हणाले. "मी चार्जिंगला लावत होतो. एवढ्यात पास्टरांची प्रार्थना आली. मी वाचली. खाली साठ जणांनी आमेन म्हटलेलं. मॅडम, प्रार्थना पूर्ण वाचायची आणि आमेन न म्हणता फोन कपाटात ठेवायचा, हे माझ्याच्याने झालं नाही. कोणाचा फोन आहे ते त्या क्षणी डोक्यातच आलं नाही."

कोर्टात कोणी हसलं नाही, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाला आपणही तेच केलं असतं हे मनातून पटलं होतं. जेरुशाबाई उठून उभ्या राहिल्या आणि न विचारताच म्हणाल्या की आपण जे पाहिलं ते सांगितलं, पण या मुलीने धमकी दिली असं आपलं म्हणणं कधीच नव्हतं, आणि प्रार्थना फार चांगली होती. इन्स्पेक्टर ओडुओर यांनी कागद गोळा करायला सुरुवात केली. सरळ माणूस असल्यामुळे त्यांचे कानसुद्धा लाल झाले.

मॅजिस्ट्रेट बाईंनी निकाल तिथल्या तिथे सांगितला. पुराव्याला हात लागला आहे खरा, पण आरोपीचा नाही, आणि तो कोणाचा लागला याची चौकशी वेगळी होईल. आरोपीने अट मोडल्याचं दिसत नाही. खटला चालेल तेव्हा जे व्हायचं ते होईल, पण आज जामीन रद्द करायला कारण नाही. मग त्यांनी चष्मा खाली ओढला आणि विचारलं, या दोघींना एका ग्रुपमध्ये कोणी घातलं?

मास्तर उभे राहिले. "मी."

"म्हणजे पाच महिने अटी पाळल्या आरोपीने," बाई म्हणाल्या, "आणि साक्षीदाराशी गाठ घालून दिली जामीनदाराने. बसू नका. तुमचा एक अर्ज आहे माझ्याकडे."

मास्तरांना वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. भूगोलाच्या माणसाला ती अशी सांगून दुभंगत नाही हेही माहीत असतं. बाईंनी अर्ज मोठ्याने वाचला. आरोपीने माझ्या विश्वासाला तडा दिला आहे. माझ्या घरात राहून तिने मला अंधारात ठेवलं. अशा व्यक्तीची जबाबदारी घेणं माझ्या प्रतिष्ठेला शोभत नाही. एकेक वाक्य घरी लिहिताना किती भारदस्त वाटलं होतं. कागेंडोची मान हळूहळू नवऱ्याकडे वळली आणि तिथेच थांबली. गाचेरी मात्र समोर बघत होती. तिचे हात कठड्यावर होते, आणि मास्तरांना त्या हातांकडे बघवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली, अशी की एकतीस वर्षांत कुठल्याही शाळातपासनिसासमोर वाटली नव्हती.

"हा अर्ज चालवायचा आहे का?"

"नाही, मॅडम. मागे घेतो. चूक झाली."

"ठीक. पण मी दुसरी बाजू ऐकल्याशिवाय काही लिहीत नाही." बाई गाचेरीकडे वळल्या. "हे जामीनदार म्हणून तुम्हाला चालतील का? दुसरं कोणी आणायचं असेल तर आठवडा देते."

गाचेरीने पहिल्यांदा मास्तरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "राहू द्या, मॅडम. पण माझी एक अट आहे."

"अटी कोर्ट घालतं."

"मग बाहेर जाऊन घालते."

बाहेर जाकारांडाची फुलं पायऱ्यांवर पडली होती. कागेंडो मुद्दाम पुढे चालत गेली. ती नवऱ्याशी किती दिवस बोलणार नाही याचा अंदाज मास्तरांना तिच्या चालण्यावरून आला, पण आत्ता तो प्रश्न दुय्यम होता. ते गाचेरीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सांग."

"संशय आला तर आधी मला विचारायचं, काका. आणि मी सांगेन ते खरं धरायचं. एवढंच."

"मान्य." मास्तरांनी घसा खाकरला. राहवलं नाही, स्वभावाला औषध नसतं. "आणि समजा, कधी चुकून मोडली, तर?"

"तर रद्द."

"पण निदान माझं म्हणणं ऐकून घेशील ना? कोर्टसुद्धा ऐकल्याशिवाय रद्द करत नाही."

"कोर्ट ऐकतं, काका," गाचेरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी तुम्हाला सांगितलं होतं, मी नाही केलं. दोनदा सांगितलं. तुम्ही किती ऐकलंत?"

पाच महिन्यांत पहिल्यांदाच मास्तरांना पुढे काही विचारायचं नव्हतं.